लाकडाचं बिल: इजिप्त आणि ब्रिटन

मुस्लिम सत्तांच्या ऱ्हासाचा विषय आपल्याकडे निघाला की उत्तरं ठरलेली असतात. एक गट म्हणतो, दीनपासून लांब गेलो म्हणून पडलो. दुसरा म्हणतो, इल्म आणि विज्ञान सोडलं म्हणून पडलो. तिसरा सगळा दोष परक्यांच्या कारस्थानाला देतो. व्याख्यानांत, बयानांत आणि व्हॉट्सअपच्या गटांत हीच तीन उत्तरं आलटून पालटून ऐकायला मिळतात. या उत्तरांत तथ्य नाही असं मी म्हणत नाही. पण त्यांत एक गोष्ट कधीच येत नाही, ती म्हणजे लाकूड. जहाज कशाचं बनतं, ते लाकूड कुठून येतं, त्याचे पैसे कोण आणि कशात चुकवतं, हा प्रश्न आपण विचारत नाही.

म्हणून या लेखासाठी मी दोन देश घेतले आहेत, इजिप्त आणि ब्रिटन. दोघांकडेही लाकडाची टंचाई. दोघेही शतकानुशतकं बाहेरून लाकूड विकत घेत आले. आज तर दोघांचे विक्रेतेही बऱ्याच अंशी एकच आहेत. स्वीडनच्या कापीव पाइन-स्प्रूसचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक ब्रिटन आहे आणि इजिप्तही त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांत मोडतो. मग दोघांचा खर्च शेजारी शेजारी मांडला तर काय दिसतं?

आधी लाकडाबद्दल थोडं. आपल्याकडे लाकूड म्हटलं की साग, शिसव, बाभूळ डोळ्यांसमोर येतात. ती कठीण लाकडं. पाइन, स्प्रूस, फर, देवदार ही सुईसारख्या पानांची झाडं नरम लाकूड देतात. ती सरळसोट वाढतात, वजनाला हलकी आणि कापायला सोपी असतात. घराच्या तुळया, वासे, फळ्या, खाणीतले टेकू आणि जहाजाची डोलकाठी यांसाठी जगाने मुख्यतः हेच लाकूड वापरलं. ते थंड किंवा डोंगराळ मुलखात पिकतं. नाईलच्या काठी खजूर, उंबर आणि बाभळीच्या जातीची झाडं होतात, पण वीस-पंचवीस मीटर सरळ जाणारं खोड तिथे मिळत नाही.

बायब्लोसच्या राजाची खतावणी

इजिप्तची लाकूडखरेदी पिरॅमिडांइतकी जुनी आहे. इसवी सनापूर्वी २६०० च्या सुमारास स्नेफेरू राजाने देवदाराने भरलेली चाळीस जहाजं आणवल्याची नोंद पालेर्मो शिलेवर आहे. त्याचा मुलगा खुफू. त्याच्या पिरॅमिडाशेजारी १९५४ मध्ये सापडलेलं सुमारे ४३ मीटर लांबीचं जहाज मुख्यतः लेबनॉनच्या देवदाराचं आहे.

पण खर्चाच्या इतिहासासाठी सर्वांत मोलाचा कागद आहे वेनामूनचा. इसवी सनापूर्वी ११०० ते १०५० च्या दरम्यानची ही हकीकत एका पपायरसवर लिहिलेली असून तो आज मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. अमून देवाच्या नौकेसाठी लाकूड आणायला वेनामून नावाचा पुजारी-अधिकारी बायब्लोसला जातो. वाटेत त्याची चांदी चोरीला जाते. हात रिकामे, तरी तो राजाकडे मानाने लाकूड मागतो. बायब्लोसचा राजा झकरबाल आपल्या वाडवडिलांच्या हिशेबाच्या गुंडाळ्या मागवतो आणि मागच्या फेरोंनी किती मोजलं होतं ते वाचून दाखवायला लावतो. त्यात एक हजार देबेन चांदीची नोंद निघते. एक देबेन म्हणजे साधारण ९१ ग्रॅम. म्हणजे नव्वद किलोंच्या आसपास चांदी. शेवटी इजिप्तहून सोनं, चांदी, तलम कापड, ५०० कातडी, ५०० दोरखंड, वीस पोती मसूर आणि तीस टोपल्या मासळी येते, तेव्हा राजा ३०० माणसं आणि ३०० बैल लावून झाडं तोडून देतो.

ही हकीकत म्हणजे खरा अहवाल की रचलेली कथा, यावर अभ्यासकांत वाद आहे. व्यवहाराची रीत मात्र खरी वाटते. इजिप्तची फौज लेबनॉनवर हुकूम चालवत होती तोवर लाकूड खंडणी म्हणून येत होतं. फौजेचा धाक सरला तेव्हा त्याच लाकडाला बाजारभाव लागला. झाड तेच आणि जंगलही तेच, बदलला होता तो खरेदीदाराचा वकूब.

डोलकाठ्यांची लढाई आणि पोपची बंदी

इस्लामी काळातली पहिली मोठी सागरी लढाई इसवी सन ६५५ च्या सुमाराची. अरबी इतिहासात तिचं नावच ‘जातुस्सवारी’, म्हणजे डोलकाठ्यांची लढाई. इजिप्त आणि शाम इथल्या नौकांनी बायझंटाइन सम्राट दुसऱ्या कॉन्स्टान्सच्या आरमाराला हरवलं. इजिप्तचे सुभेदार अब्दुल्लाह इब्न साद या मोहिमेचं नेतृत्व करत होते. वाळवंटातून आलेल्या अरबांनी वीस वर्षांत आरमार उभं केलं, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यासाठीचं लाकूड, सुतार आणि खलाशी कुठून आले, ते सांगायचं राहून जातं. शामचा किनारा हाती आला होता आणि लेबनॉनचे डोंगर त्याला लागूनच आहेत.

त्या आरमाराचा खर्च कोण उचलत होतं, तेही कागदावर सापडतं. सुभेदार कुर्रा इब्न शरीक यांची आठव्या शतकाच्या सुरुवातीची पत्रं वरच्या इजिप्तमधल्या अफ्रोदितो गावात मिळाली. ग्रीक, कॉप्टिक आणि अरबी अशा तीन भाषांतल्या या कागदांत गावावर बसवलेल्या मागण्या आहेत: इतके खलाशी द्या, इतके सुतार द्या, जहाजांसाठी इतकं सामान द्या. लाकडाचं बिल शेवटी शेतकऱ्याच्या दारात येत होतं.

पुढे विक्रेत्यांनी बाजार बंद करायचा प्रयत्न केला. ९७१ मध्ये बायझंटाइन सम्राटाच्या दबावाखाली व्हेनिसने मुसलमानांना जहाजबांधणीचं लाकूड विकायला मनाई केली. ११७९ च्या लॅटरन धर्मपरिषदेने शस्त्रं, लोखंड आणि गलबतांचं लाकूड मुसलमानांना पुरवणाऱ्या ख्रिश्चनांना धर्मबहिष्कृत करण्याचा ठराव केला. १२९१ मध्ये अक्का मामलुकांच्या हाती पडल्यावर बंदी आणखी कडक झाली.

तरीही लाकूड येतच राहिलं. इटलीचे व्यापारी अलेक्झांड्रियात ते उतरवत होते. फातिमी आणि अय्यूबी काळात ‘मतजर’ नावाचं सरकारी खरेदी खातं होतं. ते या व्यापाऱ्यांकडून लाकूड, लोखंड आणि डांबर घ्यायचं आणि मोबदल्याचा मोठा भाग तुरटीत द्यायचं. युरोपच्या कापड रंगवणाऱ्यांना तुरटी हवी होती, इजिप्तला तुळया आणि डोलकाठ्या. क्रुसेडची भाषणं एका बाजूला चालू होती आणि धक्क्यावर मालाची अदलाबदल दुसऱ्या बाजूला. मात्र बंदी असलेला माल चोरून येतो तेव्हा तो महाग पडतो आणि भरवशाचा राहत नाही. फ्रेंच इतिहासकार मॉरिस लोंबार यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस मांडलं की मुस्लिम भूमध्यसागरी सत्तांच्या उतरणीत लाकडाच्या टंचाईचा वाटा मोठा होता. एकाच कारणावर सगळा ऱ्हास टांगणं मला पटत नाही, पण हे कारण वगळून लिहिलेला इतिहासही अपुरा वाटतो.

या टंचाईने कारागिरीलाही वळण दिलं. कैरोच्या जुन्या घरांच्या मशरबिया, म्हणजे खिडक्यांच्या लाकडी जाळ्या, शेकडो छोट्या कातीव तुकड्यांच्या बनतात. मशिदींच्या मिंबरांवरची ताऱ्यांची नक्षीही लहान तुकडे एकमेकांत बसवून केलेली असते. उन्हात लाकूड फाकू नये हा त्यामागचा एक हेतू. जिथे लांब फळी महाग, तिथे तुकडाही वाया जाऊ द्यायचा नाही, हा दुसरा.

चौलपर्यंत आलेलं लाकूड

या हिशेबाचं एक पान आपल्या कोकणात उघडतं. पोर्तुगीज हिंदी महासागरात शिरले आणि मसाल्याच्या व्यापारातून मिळणारा मामलुकांचा महसूल धोक्यात आला. सुलतान कानसूह अल-गौरी यांनी सुएझला आरमार बांधायला घेतलं. तांबड्या समुद्राच्या काठावर जंगल नाही. लाकूड भूमध्य समुद्रातून आणायचं आणि मग जमिनीवरून सुएझला वाहून न्यायचं. या वाहतुकीचा खर्च धरला म्हणजे त्या जहाजांची खरी किंमत कळते.

अमीर हुसेन अल-कुर्दी हे आरमार घेऊन आले आणि मार्च १५०८ मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर, चौलला, त्यांनी पोर्तुगीजांना हरवलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्यात मारला गेला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १५०९ मध्ये, दीवला पोर्तुगीजांनी हे आरमार मोडलं. लढाई हरणं नवीन नव्हतं. खरी अडचण होती ती नवं आरमार बांधण्याची. १५१० मध्ये अनातोलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर लाकूड भरायला गेलेल्या मामलुक जहाजांवर ऱ्होड्सच्या ख्रिश्चन सरदारांनी हल्ला केला आणि तो ताफाच नष्ट केला. शेवटी उस्मानी सुलतान दुसरे बायझीद यांनी लाकूड, वल्ही, तोफा आणि दारूगोळा पाठवला. जो लाकूड देतो त्याचा शब्द चालतो. १५१७ मध्ये बायझीद यांच्या मुलाने, सलीम यांनी, इजिप्त जिंकला तेव्हा अनातोलियाची जंगलं आणि नाईलचं धान्य एकाच राज्यात आलं. मक्का-मदिनेला जाणारं इजिप्तचं धान्य तांबड्या समुद्रातून ज्या जहाजांनी जायचं, त्यांच्यासाठी अनातोलियाचं लाकूड सुएझपर्यंत नेलं जाई.

ब्रिटनचं बिल कुणी भरलं?

आता दुसरा देश. ब्रिटनकडे ओक होता, म्हणून त्याची टंचाई लवकर लक्षात येत नाही. पण उंच डोलकाठ्या आणि घरांच्या तुळया त्यालाही बाहेरूनच आणाव्या लागत. नॉर्वे, रीगा, डान्झिग ही त्याची बाजारपेठ. १६६६ च्या आगीनंतर लंडन पुन्हा बांधलं गेलं ते बऱ्याच अंशी नॉर्वेच्या लाकडावर. लंडनच्या आगीत नॉर्वेवाले शेकून निघाले, असं तेव्हा गमतीने म्हटलं जाई.

ब्रिटनने इजिप्तपेक्षा वेगळी वाट धरली. १६९१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत खासगी मालकीची नसलेली आणि चोवीस इंचांपेक्षा जाड खोडाची झाडं राजाच्या आरमारासाठी राखून ठेवली गेली. अशा झाडांवर बाणाची खूण केली जाई. वसाहतीतल्या लोकांचा यावरचा राग इतका वाढला की १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये दंगा झाला आणि इतिहासात तो ‘पाइन वृक्षाचा दंगा’ म्हणूनच नोंदला गेला. जहाजाच्या कठीण लाकडासाठी ब्रिटनने मुंबईचाही उपयोग केला. मलबारच्या सागाची ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली बांधली गेली आणि ती आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर आहे.

१८०७ नंतर नेपोलियनने बाल्टिकची वाट अडवली. मामलुकांवर १५१० मध्ये जी वेळ आली, तशीच ही वेळ. पण ब्रिटनकडे कॅनडा होता. परदेशी लाकडावरचं आयातशुल्क त्याने भरमसाट वाढवलं आणि वसाहतीतल्या लाकडाला मोकळीक दिली. १८२१ मध्ये हे दर असे होते: ५० घनफुटांच्या एका ‘लोड’मागे परदेशी लाकडाला ५५ शिलिंग आणि वसाहतीच्या लाकडाला १० शिलिंग. जवळचं बाल्टिकचं लाकूड सोडून महासागरापलीकडचं लाकूड घ्यायला गिऱ्हाइकाला भाग पाडलं गेलं. युद्ध संपलं तरी हा भेदभाव कित्येक दशकं चालला. पील यांनी १८४० च्या दशकात तो बराच कमी केला, १८६० मध्ये दोन्ही शुल्कं सारखी झाली आणि १८६६ मध्ये ती रद्द झाली.

आयातीच्या तक्त्यात हा खर्च फक्त पाउंडांत दिसतो. पण कॅनडाचं लाकूड उतरवून परत जाणारी जहाजं रिकामी जायची, म्हणून त्यांच्या तळात गरीब आयरिश लोकांना स्वस्तात भरून नेलं जाई. दुष्काळाच्या काळात, १८४७ मध्ये, क्वेबेकजवळच्या ग्रोस बेटावर एका वर्षात पाच हजारांहून अधिक माणसं पुरावी लागली. लाकडाच्या धंद्याचाच तो भाग होता, पण कुठल्याही व्यापाऱ्याच्या वहीत त्याची नोंद नाही.

१८४०: दोन हिशेब एकमेकांना भिडतात

याच काळात इजिप्तमध्ये मुहम्मद अली पाशा अलेक्झांड्रियाच्या गोदीत नवं आरमार बांधत होते. १८३१ मध्ये त्यांच्या फौजा शाममध्ये घुसल्या. त्यामागे अनेक हेतू होते आणि लेबनॉन व टॉरस डोंगरांचं लाकूड हा त्यांतला एक मोठा हेतू होता. म्हणजे स्नेफेरूच्या काळची गरज अजून तशीच होती. दहा वर्षं ही जंगलं इजिप्तच्या ताब्यात राहिली. १८४० मध्ये ब्रिटन आणि त्याच्या मित्रसत्तांनी लंडन करार करून त्यांना शाम सोडायला सांगितलं, ब्रिटिश आरमाराने अक्कावर तोफा डागल्या आणि जंगलं हातची गेली.

एका देशाकडे दूरची जंगलं राखायला आरमार होतं. दुसऱ्याला आरमार बांधायला जंगल हवं होतं आणि ते राखण्याइतकं आरमार नव्हतं. यानंतर इजिप्त लाकडाचे पैसे मुख्यतः कापसाच्या कमाईतून देऊ लागला. अमेरिकेच्या यादवी युद्धात कापसाला भाव आला तेव्हा ते सोपं गेलं. भाव कोसळल्यावर कर्ज वाढलं, १८७६ मध्ये खजिन्याचं दिवाळं निघालं आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौज इजिप्तमध्ये उतरली.

एकाच पाउंडाची दोन भविष्यं

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात दोन्ही देशांच्या खर्चाची तुलना करणं सोपं होतं. इजिप्तचा पाउंड ब्रिटिश पाउंडाला बांधलेला होता आणि एका इजिप्शियन पाउंडाला एक ब्रिटिश पाउंड सहा पेन्स मिळत. मालही त्याच बाल्टिकमधून येई. इंग्रजी व्यापारात तो ‘पीटर्सबर्ग स्टँडर्ड’ या मापाने, म्हणजे १६५ घनफुटांच्या हिशेबाने मोजला जाई.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनला हादरवलं. कोळशाच्या खाणींना टेकूची लाकडं हवीत, कोळशाशिवाय कारखाने बंद आणि लाकूड तर समुद्रापलीकडून यायचं. देशाचं वनक्षेत्र तेव्हा जेमतेम पाच टक्के होतं. १९१९ मध्ये फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झालं आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सिटका स्प्रूस ब्रिटनच्या डोंगरांवर लावला जाऊ लागला. आज वनक्षेत्र सुमारे १३ टक्के आहे आणि देशाच्या गरजेच्या कापीव नरम लाकडापैकी साधारण एक तृतीयांश घरचं असतं. शंभर वर्षं झाडं लावूनही ब्रिटन मोठा आयातदारच राहिला. पण अडचणीच्या वेळी हाताशी काहीतरी असतं.

इजिप्तला हा उपाय नव्हता. तिथे पाऊसच नाही. इस्माइलियाजवळ सांडपाणी शुद्ध करून वाढवलेलं सेरापियमचं जंगल आहे, प्रयोग चांगला आहे, पण देशाच्या गरजेपुढे ते लहान आहे. त्यामुळे इजिप्तची सुरक्षितता लाकडात नसून तो जगाला जे विकतो आणि त्यातून जे डॉलर मिळवतो त्यात आहे.

साधा हिशेब करू. समजा एक घनमीटर लाकडाचा भाव कायम ३०० डॉलर राहिला. नोव्हेंबर २०१६ पूर्वी डॉलर ८.८८ इजिप्शियन पाउंडांना होता, म्हणजे बिल सुमारे २,६६० पाउंड. त्या महिन्यात चलन मोकळं सोडलं आणि डॉलर लवकरच १८ पर्यंत गेला, बिल ५,४०० झालं. मार्च २०२४ च्या अवमूल्यनानंतर डॉलर ५० च्या घरात, बिल १५,०००. याच वर्षांत ब्रिटिश गिऱ्हाइकाचं बिल साधारण २०० ते २८० ब्रिटिश पाउंडांच्या दरम्यान हललं असतं. झाड एक इंचही महाग झालेलं नाही, तरी कैरोच्या सुताराला ते साडेपाचपट महाग पडलं.

प्रत्यक्षात भावही स्थिर नव्हता. मे २०२१ मध्ये शिकागोच्या बाजारात लाकडाचे वायदे हजार बोर्डफुटांना १,६०० डॉलरच्या वर गेले, महामारीपूर्वीच्या जवळपास चौपट. त्या वर्षी आयातीचा खर्च फुगलेला दिसला म्हणून लाकूडही तेवढंच जास्त आलं असं समजणं चूक ठरेल. २०२२ मध्ये इजिप्तमध्ये डॉलर इतके आटले की बहुतेक आयातदारांना बँकेचं पतपत्र सक्तीचं झालं आणि बंदरांत माल अडकला. तिथे खर्च कमी दिसला तर त्याचा अर्थ गरज कमी झाली असा नव्हता. युक्रेन युद्धानंतर ब्रिटनने रशियन लाकडाला दार बंद केलं, इजिप्त ते घेत राहिला. गरीब गिऱ्हाइकाला विक्रेता निवडण्याची चैन परवडत नाही.

म्हणून दोन देशांच्या आयातखर्चाचे आकडे कुणी शेजारी ठेवले तर मी तीन गोष्टी विचारतो. लाकूड किती घनमीटर आलं? पैसे कुणाच्या चलनात गेले? आणि ते चलन मिळवायला देशाने काय विकलं? फक्त रकमा पाहिल्या तर वेनामूनच्या हजार देबेनांपासून आजपर्यंत काहीच कळत नाही.

ऱ्हासाच्या चर्चेतही हेच प्रश्न मला उपयोगी वाटतात. मामलुकांचे सैनिक भेकड नव्हते, चौलला ते दिसलं. कैरोचे सुतार अडाणी नव्हते, त्यांची मिंबरं आजही उभी आहेत. अडचण होती ती लाकडाची, वाटेची आणि चलनाची. यांतल्या पहिल्यावर निसर्गाने मर्यादा घातली, पण बाकी दोन माणसांच्या हातातल्या गोष्टी आहेत. वाट राखणं आणि कमाई वाढवणं हे धोरणाचं काम आहे, केवळ भूतकाळाबद्दल गर्व किंवा खंत बाळगून ते होत नाही. आपल्या मुलांना आपण जातुस्सवारीचा विजय जरूर सांगावा, आणि त्या डोलकाठ्या कुठल्या डोंगरावरून आल्या, हेही त्यांना नकाशावर दाखवावं.